वर लिहिलेला, खाली वाजणारा

गिटार शिकायला येणाऱ्या बहुतेकांना गिटार शिकायची नसते. त्यांना गिटार घेऊन उभं राहायचं असतं. हे मला धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी कळलं. तरी पुढची सतरा-अठरा वर्षं मी शिकवत राहिलो, कारण दुसरं काही येत नव्हतं.

सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी जळगावात घरी क्लास. शनिवारी सकाळी एस.टी.नं एरंडोल, पारोळा करत धुळं, आणि रविवारी रात्री परत. धुळ्यात आग्रा रोडच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटची खोली मला शनिवार-रविवार मिळायची. भिंतीला लागून झाकून ठेवलेली टाइपरायटरं आणि मधल्या बाकांवर माझे विद्यार्थी. बसमध्ये मांडीवरच्या पिशवीकडे बघून शेजारचा माणूस हमखास विचारायचा, "हे काय आहे?" मी म्हणायचो, "गिटार." तो म्हणायचा, "म्हणजे बेंजोच ना?" सुरुवातीला मी फरक समजावून सांगायचो. नंतर नुसतं "हो" म्हणायला लागलो. पारोळ्यापर्यंत तेवढीच शांतता.

ज्यांनी हे वाद्य हातात धरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिटारीला सहा तारा. डाव्या हाताची बोटं तारा दाबतात, उजवा हात छेडतो. दाबायची जागा बदलली की सूर बदलतो; दांडीवर आडव्या पट्ट्यांनी आखलेल्या या जागांना घरं म्हणतात. पहिल्या महिन्यात बोटांच्या टोकांना फोड येतात, दुसऱ्या महिन्यात ते फुटतात, तिसऱ्यात तिथं घट्टे पडतात. घट्टे पडेपर्यंत जो टिकला तो विद्यार्थी. बाकीचे फोडांबरोबर जातात. तीन-चार सूर एकदम वाजवले की त्याला कॉर्ड म्हणतात, आणि अशा तीन कॉर्ड आल्या की बरीचशी सिनेमाची गाणी कशीबशी ढकलता येतात. तीन कॉर्ड आल्या की पोरगा केस वाढवतो. चौथी कॉर्ड शिकायला मग तो येत नाही.

वाद्यंही तसलीच. कलकत्त्याहून येणाऱ्या स्वस्त गिटारी दिसायला झकपक आणि आतून खोका. आमच्याकडच्या मे महिन्यात त्यांचा सरस सुटायचा, आणि ज्या पट्टीवर तारा टेकतात ती घोडी दुपारीच टाळी वाजल्यासारखी उखडून यायची. पालक विचारायचे, "सर, मुलानं काही चुकीचं वाजवलं का?" मी सांगायचो, "नाही. त्यानं महिनाभर काहीच वाजवलेलं नाही."

यावलकडच्या एका केळी बागायतदाराचा मुलगा कॉलेजच्या गॅदरिंगच्या दीड महिना आधी माझ्याकडे आला. त्याला एकच गाणं हवं होतं. मी म्हणालो, दीड महिन्यात फार तर सूर लावायला शिकशील. तो म्हणाला, "मग उभं कसं राहायचं तेवढं शिकवा." मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. ते केलं नाही. गॅदरिंगला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. स्टेजवर त्याच्या गिटारीची वायर कशालाच जोडलेली नव्हती. पडद्याआड एक जण कॅसिओवर गाणं वाजवत होता आणि हा पुढं उभा राहून हवेत हात मारत होता. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, केळीचा अख्खा घड घेऊन माझ्या दारात आले. "तुमच्यामुळे पोरानं नाव काढलं, सर," म्हणाले. त्यांचा चेहरा इतका भाबडा होता की मला खरं सांगवेना. आम्ही घरी आठ दिवस केळी खाल्ली.

तर अशा लोकांमध्ये मी स्वतःला वेगळा समजायचो, कारण मला थिअरी येत होती. थिअरी म्हणजे पाच रेघांवर ठिपके काढून संगीत लिहायची आणि वाचायची पाश्चात्त्य पद्धत. ठिपका वर तर सूर वर, ठिपका खाली तर सूर खाली. मी गिटार शिकलो ती भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका निवृत्त ख्रिश्चन गार्डकडे. त्यांचा हात गोड होता, पण लिहिण्या-वाचण्याशी त्यांचा संबंध नव्हता. ते गेल्यावर त्यांच्या सामानातलं पियानोचं एक जुनं पुस्तक मला मिळालं आणि थिअरी मी त्यावरून एकट्यानं शिकलो. विचारायला कोणी नव्हतं. कोणाला विचारावं असं वाटतही नव्हतं.

या विद्येचा मला माज का होता, तेही सांगितलं पाहिजे. जळगावात गाणं शिकवणारे एक वयोवृद्ध गुरुजी होते. धंद्याच्या सुरुवातीला मी त्यांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी माझ्या हातातल्या गिटारीकडे पाहिलं आणि समोरच्या शिष्यांना म्हणाले, "हे वाद्य वरातीत ठीक. संगीत वेगळं असतं." शिष्य हसले. मी घरी आलो आणि त्या दिवसापासून पाच रेघांना कवटाळून बसलो. तुमच्याकडे घराणं असेल, माझ्याकडे लंडनला छापलेलं पुस्तक आहे, असा माझा आव असायचा. गुरुजींच्या घरी पेटी होती म्हणून मी माझ्या घरी पेटी ठेवली नाही. हा मूर्खपणा पुढं किती महागात पडला, तीच ही गोष्ट आहे.

धुळ्याच्या वर्गात कापडाचे एक व्यापारी आपल्या मुलीला घेऊन आले. घराणं मूळचं राजस्थानातलं, दुकान तीन पिढ्यांचं. सगळे त्यांना शेठजी म्हणायचे. मुलीचं नाव मंजू, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. शेठजी म्हणाले, "सर, मुलीकडे बाकी सगळं आहे. शिक्षण आहे, स्वयंपाक येतो, इंग्लिश बोलते. फक्त कलेचा एक कागद कमी पडतो. तेवढा करून द्या."

"कसला कागद?"

"सर्टिफिकेट. परदेशी असलं तर उत्तम. पाहुणे आले की भिंतीवर दिसलं पाहिजे."

त्या काळी एका परदेशी मंडळाचे परीक्षक वर्षातून एकदा पुण्यात येऊन परीक्षा घ्यायचे. वादन, वाचन आणि थोडी तोंडी. मी स्वतः ती परीक्षा कधी दिलेली नव्हती. हे मी शेठजींना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. मी मंजूला पुस्तकाच्या पहिल्या पानापासून घ्यायला सुरुवात केली. खाली मान घालून ती सांगितलेलं सगळं करायची. मला तिच्याबद्दल फारसं चांगलं वाटत नव्हतं. भिंतीवर टांगायच्या कागदासाठी मेहनत करणारी मुलगी, एवढंच माझं मत होतं.

आणि मग एका शनिवारी दारात एक माणूस उभा राहिला. पंचावन्नच्या आसपास, धोतर, पांढरी टोपी, आणि खांद्याला गादीच्या खोळीच्या कापडाची शिवलेली लांब पिशवी. पिशवीत गिटार. मला वाटलं, नातवासाठी चौकशीला आलेत.

"सर, माले गिटार शिकनी शे," ते म्हणाले.

बाकावरची दोन-तीन कॉलेजची पोरं तोंड लपवून हसली. मीही मनात हसलो. नाव विचारलं, गाव विचारलं. सोनगीरचे तांबट. तांब्या-पितळेचे हंडे घडवण्याचा पिढीजात धंदा. गावात त्यांना नाना म्हणत. भजनात पंचवीस वर्षं पेटी वाजवलेली. गिटार त्यांनी हायवेवरच्या एका ढाब्यावाल्याकडून पितळी परात देऊन घेतली होती. त्याच्याकडे ती कोणीतरी विसरून गेलं होतं.

"पण गिटार कशाला, नाना? पेटी येतेच की तुम्हाला."

नानांनी कानाकडे बोट दाखवलं. "चाळीस वरीस हातोडी मारी मारी कान ग्यात. पेटीना वरला सूर आते माले ऐकू येत नही. भजनमा हसतस लोके." मग त्यांनी गिटार पिशवीतून काढून छातीशी धरली, एक तार छेडली आणि म्हणाले, "हाई छातीले लाई का बठ्ठं समजस."

म्हणजे कानानं ऐकू येईना म्हणून हा माणूस छातीनं ऐकायला आला होता. गिटारीची पाठ छातीला टेकते आणि सूर हाडांत उतरतो, हे खरं आहे. मला ते माहीत होतं, पण कोणी त्यासाठी हे वाद्य निवडेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी मनात एवढंच आलं, आता हे एक नवीनच.

नानांच्या बोटांना फोड आले नाहीत. बोटंच तशी होती, खिळे ठोकता येतील अशी. अडचण दुसरी होती. बोट इतकं जाड की एक तार दाबली तर शेजारची मुकी व्हायची. कॉर्ड त्यांना जमेनात. पण एकेरी सूर ते असे काढायचे की बाकीची पोरं वाजवायची थांबायची. आणि ते प्रश्न विचारायचे. वर्गात प्रश्न विचारणारे तेच एकटे. संजय नावाचा एक पोरगा ऑर्केस्ट्रात जाण्यासाठी शिकत होता, त्याला गाणी हवी होती. मंजूला कागद हवा होता. बाकीच्यांना केस वाढवायचे होते. थिअरी कोणालाच नको होती. आणि ज्या एका माणसाला हवी होती, त्याचाच मला कंटाळा यायचा. "असं कसाले?" हा त्यांचा शब्द. ठिपक्याला शेपूट कसाले, हे घर सोडून पुढलं घर कसाले. मी म्हणायचो, "नाना, तसंच असतं." ते मान हलवायचे, पण ती मान पटल्याची नसायची.

मंजूच्या परीक्षेसाठी मी एका मोठ्या कागदावर तक्ता काढून भिंतीला लावला. वर पाच रेघा आणि त्यावर ठिपके, खाली पियानोच्या पट्ट्या. कोणता ठिपका म्हणजे कोणती पट्टी हे बाणांनी दाखवलेलं. पियानोच्या पुस्तकातून मी तो जसाच्या तसा घेतला होता. त्याखाली तिसरी ओळ माझी, तोच ठिपका गिटारवर कुठं वाजतो त्याची. मला त्या तक्त्याचा फार अभिमान होता. खानदेशात असा तक्ता दुसरीकडे नसेल असं मी पोरांना सांगायचो.

इन्स्टिट्यूटच्या मालकाच्या भजनी मंडळाची पेटी खोलीच्या कोपऱ्यात असायची. एका रविवारी मी वर्ग संपवत होतो, तेव्हा नाना त्या पेटीपुढं बसलेले दिसले. एक नजर तक्त्यावर, एक पेटीवर. आठ-दहा विद्यार्थी होते, मंजू होती, संजय होता.

"सर, जरा पहिली तार, पाचवं घर वाजाडा."

मी वाजवलं. नाना वाकून गिटारीपाशी आले, ऐकलं, मान हलवली. मग तक्त्यातला तोच ठिपका शोधला, बाणावरून बोट फिरवत खाली पट्टीपर्यंत आले आणि पेटीवरची तीच पट्टी दाबली. पेटीतून वरचा, बारीक सूर निघाला. नानांनी मान हलवली नाही.

"हाऊ माले ऐकू येत नही," ते म्हणाले. "गिटारना येस. मंग दोन्ही एकच कसा?"

त्यांनी पेटीवर बोट खाली सरकवलं, आठ पांढऱ्या पट्ट्या मोजल्या आणि खालच्या सप्तकातला तोच सूर दाबला. "आते वाजाडा."

मी पुन्हा पहिल्या तारेचं पाचवं घर वाजवलं.

"हाऊ एक शे," नाना म्हणाले. "तुमना तक्तामा काहीतरी चुकी राह्यनं, सर."

इथं थोडं समजावून सांगतो. सा आणि त्याच्या वरच्या सप्तकातला सा कानाला सख्ख्या भावांसारखे वाटतात. सूर चुकला तर कोणीही ओळखेल, पण सप्तक चुकलं तर भलेभले फसतात. गिटारीचं संगीत कागदावर लिहितात ते प्रत्यक्षात वाजतं त्यापेक्षा एक सप्तक वर लिहितात, नाहीतर खालच्या तारांचे ठिपके पाच रेघांच्या फार खाली जातील आणि वाचता येणार नाहीत. ही साधी सोय आहे. गिटारीच्या कुठल्याही नीट पुस्तकात ती पहिल्या पानावर असते. माझ्याकडे पियानोचं पुस्तक होतं. आणि पेटी मी घरात ठेवली नव्हती, त्यामुळे ताडून पाहायची वेळच कधी आली नव्हती. नऊ-दहा वर्षं मी हे चुकीचं शिकवत आलो होतो आणि एका अर्धबहिऱ्या तांबटानं ते मला ऐकवलं होतं.

मला ते ऐकू आलं होतं. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. नानांनी खालची पट्टी दाबली आणि मी तार छेडली, तेव्हा दोन्ही सूर एकमेकांत विरघळले. माझे कान चांगले होते. मला त्याच क्षणी कळलं होतं की ते बरोबर आहेत.

आणि मी म्हणालो, "नाना, तुमचे कान हंडे तपासायला ठीक. संगीत वेगळं असतं."

पोरं हसली. संजय जरा जास्तच हसला. नानांना वाक्य पूर्ण ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. हसणारे चेहरे मात्र त्यांना दिसले. त्यांनी पेटीचा भाता नीट बंद केला, वर कापड घातलं, गिटार पिशवीत घातली आणि "येस, सर," म्हणून गेले. येस म्हणजे येतो; आमच्याकडे जातानाही तसंच म्हणतात. पण पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. तक्ता भिंतीवर तसाच राहिला.

मंजू परीक्षेला पुण्याला गेली. दोन महिन्यांनी निकाल आला. पास झाली, अगदी काठावर. शेठजी स्वतः पेढे घेऊन आले, सर्टिफिकेट फ्रेममध्ये घालून दुकानात लावल्याचं सांगितलं. कागदावरचे मार्क त्यांनी वाचले नसावेत. ते निघून गेले, पण मंजू मागे थांबली. वर्ग सुरू व्हायला वेळ होता.

"सर, तोंडी परीक्षेत मला शून्य मिळालंय," ती म्हणाली.

"का?"

"त्यांनी एक ठिपका दाखवला. गिटारवर वाजव म्हणाले, वाजवला. मग म्हणाले, हाच सूर पियानोवर दाखव. मी आपल्या तक्त्याप्रमाणे पट्टी दाबली. त्यांनी विचारलं, दोन्ही एकच आहेत? मी म्हटलं, हो, सरांनी तसं शिकवलंय. ते म्हणाले, तुमच्या सरांनी पियानो कधी पाहिलाय का?"

मी टाइपरायटरवरच्या झाकणाची धूळ पुसत राहिलो.

"सर, नानांनी दाबली होती तीच पट्टी बरोबर होती," मंजू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला तिथं बसल्या बसल्या आठवलं. पण माझा हात तुम्ही शिकवलेल्या पट्टीवरच गेला." आणि जाता जाता तिनं विचारलं, "नानांना तुम्ही सांगणार ना?"

मी "हो" म्हणालो. त्यानंतर अर्ध्या तासानं नवीन बॅच आली आणि मी तो तक्ता दाखवून तेच चुकीचं पुन्हा शिकवलं. पोरांपुढं उठून कागद फाडायचं धाडस मला झालं नाही. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना तुच्छ लेखलं. वायर न जोडता बक्षीस घेणाऱ्या त्या पोराला, भिंतीवरच्या कागदासाठी मुलगी शिकवणाऱ्या शेठजींना, मला वरातीचा म्हणणाऱ्या गुरुजींना. त्या दुपारी मी जे केलं ते या सगळ्यांनी मिळून केलं त्याहून हलकं होतं. त्या पोरानं निदान स्वतःच्या नावावर फसवलं होतं.

तक्ता मी पुढच्या आठवड्यात काढला, खोलीत कोणी नसताना. सोनगीरला जायला आणखी तीन आठवडे गेले. दर शनिवारी ठरवायचो, दर रविवारी काहीतरी कारण सापडायचं. शेवटी एका रविवारी सकाळी वर्गाच्या आधी बस पकडली. धुळ्याहून सोनगीर अर्ध्या-पाऊण तासावर. फाट्यावर उतरून किल्ल्याच्या बाजूला चालत गेलो. तांबट आळी कोणाला विचारावी लागली नाही. आवाज लांबूनच ऐकू येत होता.

घरापुढच्या ओट्यांवर आठ-दहा माणसं बसली होती. प्रत्येकापुढं जमिनीत रोवलेला लोखंडी खुंटा, त्यावर पालथा घातलेला हंडा आणि त्यावर हातोडी. सगळ्या आळीभर एकच ठणठणाट. माझ्या डोक्यात दोन मिनिटांत कळ यायला लागली. चाळीस वर्षं इथं बसलेल्या माणसाला मी संगीत वेगळं असतं म्हणून सांगितलं होतं.

नाना तिसऱ्या ओट्यावर होते. मला पाहून त्यांनी हातोडी खाली ठेवली, गोणपाट झटकून बसायला दिलं आणि आत वळून पाण्याची खूण केली. मी बसलो. बसमध्ये चार वाक्यं जुळवून आणली होती.

"नाना, मी सांगायला आलो की तुम्ही जे म्हणाला होता..."

त्यांनी कानामागं हात धरला. "जोरमा बोला, सर."

"तक्त्यातला सूर. तुमचं बरोबर होतं."

शेजारचे हातोडी मारतच होते. नानांनी नकारार्थी मान हलवली. काही ऐकू येत नव्हतं.

हळू आवाजात माफी मागायची आणि पुढच्या बसनं परत यायचं, असा माझा बेत होता. तसं होणार नव्हतं. मी उभा राहिलो आणि वर्गात कधी काढला नाही तेवढा आवाज काढून ओरडलो, "नाना, माझं चुकलं. तुमचं बरोबर होतं."

शेजारची हातोडी थांबली. मग समोरची. मग एकेक करत सगळी आळी थांबली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या शांततेत मला तिसऱ्यांदा सांगावं लागलं, कारण नाना अजून कानामागं हात धरूनच होते. "माझं चुकलं, नाना. तो सूर खालचाच होता. मला त्याच दिवशी कळलं होतं."

नानांनी हात खाली घेतला. शेजाऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ते माले माहीत व्हतं, सर," ते म्हणाले. "तुमना चेहरा दखा व्हता मी. पुढलं काय शे ते सांगा."

"पुढलं म्हणजे?"

"पुढला धडा. चार महिना झायात, काहीच नवीन नही."

कोणीतरी हसलं आणि पुन्हा हातोड्या सुरू झाल्या. मी चहा पिऊन परत आलो. पुढच्या शनिवारी नाना वर्गात त्यांच्या जागेवर बसले होते. मी सगळ्या विद्यार्थ्यांना उभं राहून सांगितलं की माझा तक्ता चुकला होता आणि नानांनी तो दुरुस्त केला. संजयनं विचारलं, "मग आम्ही एवढे दिवस शिकलो ते?" मी म्हणालो, "ते खोडायचं." त्याला खोडायचा कंटाळा होता, आणि ऑर्केस्ट्रात त्याची कधी गरजही पडली नाही. मंजूनं मात्र वही काढली आणि पहिल्या पानापासून दुरुस्त केली. तिचं सर्टिफिकेट तेव्हा दुकानात टांगलेलं होतं, तिला आता कोणाला काही दाखवायचं नव्हतं. मी तिच्याबद्दलचं माझं मतही त्या दिवशी खोडलं.

नाना पुढं तीन-साडेतीन वर्षं येत राहिले. कान उतरत गेले तसे ते गिटार छातीवरून वर सरकवत गेले, शेवटी शेवटी हनुवटी लाकडावर टेकवून वाजवायचे. कॉर्ड त्यांना कधी आल्या नाहीत. त्यांचे "कसाले" संपले नाहीत. मी पुण्याहून गिटारीची खरी पुस्तकं मागवली आणि रात्री अभ्यास करून त्यांच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला लागलो. माझी थिअरी जी काही थोडीफार पक्की झाली ती त्या वर्षांत.

मग त्यांचं येणं थांबलं. प्रवास होईना. मी एकदा त्यांना भेटायला गेलो, तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. घरचे लोक पाटीवर लिहून बोलायचे. त्यांनी खुणेनं मला वाजवायला सांगितलं. मी त्यांचीच गिटार घेतली, घाईनं सूर लावले आणि एक संथ चाल वाजवायला लागलो. नानांनी डोळे मिटून लाकडावर तळहात ठेवला होता.

दोनच ओळी झाल्या असतील. त्यांनी डोळे उघडले आणि बोटानं पाचवी तार दाखवली.

"उतरी जायेल शे," ते म्हणाले.

एकच सूर काढणाऱ्या दोन तारांत बारीक फरक असला की आवाजात एक लहर उठते आणि लाकूड थरथरतं. कानाला ती सहज निसटते. मला निसटली होती. पाचवी तार पाचव्या घरात दाबली की मोकळ्या चौथीचाच सूर येतो. मी त्या दोन्ही एकत्र छेडल्या, पाचवीची खुंटी थोडी पिळली, पुन्हा छेडली. नानांचा तळहात लाकडावर तसाच होता. मी आणखी थोडी पिळली. थरथर मंद झाली, आणखी मंद झाली, मग थांबली. त्यांनी हात उचलला तेव्हा मी खुंटी सोडली.